आठव्या महिन्यातला चुडा

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला धाडसाची शाबासकी द्यायला नको. कुत्रं गुरगुरलं तरी मी रस्ता बदलते, आभाळ गडगडलं की कानात बोटं घालते. अशा बाईच्या वाट्याला सासरी धंदा आला तो कासाराचा, म्हणजे दिवसभर परक्या बायकांचे हात हातात धरून बसायचं. एरवी त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. साबणाच्या पाण्यात हात ओला करायचा, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून आत घ्यायचा आणि बाईला बोलण्यात गुंतवून बांगडी मनगटावर सरकवायची. बोलण्यात गुंतलेली बाई हात ढिला सोडते. म्हणून कासारणीला तोंड असावं लागतं, आणि ते मला देवानं भरपूर दिलंय.

फक्त त्या तोंडाला एक लगाम असतो. चुड्याला बसलं की वाईट बोलायचं नाही. बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. दुखणं, मरण, भांडण, सगळं उंबऱ्याबाहेर. सासूनं मला मापं शिकवायच्या आधी हे शिकवलं. तिच्या काळी एका कासारणीनं नवरीच्या हाताला भरता भरता 'हाडाची लई बारीक हाय, निभल का?' असं म्हटलं, तर त्या बाईला चार गावांनी पुन्हा दारात उभं केलं नाही. ही गोष्ट सासूनं मला इतक्या वेळा ऐकवली की त्या कासारणीचं तोंड मी स्वतः पाहिल्यासारखं वाटायचं.

मग तो आजार आला आणि हात धरणं हाच गुन्हा झाला. भाजीवाल्यानं भाजी लांबून टोपलीत टाकली, किराणावाल्यानं दुकानापुढं चुन्याचे गोल आखले. बांगडी कशी लांबून भरणार? धारूरचा बाजार बंद, सिरसाळ्याचा बंद, युसूफ वडगावचा बंद. आमच्या मालकांची तीनचाकी, जिच्यात आम्ही माल घालून बाजार करायचो, ती अंगणात उभी राहिली ती राहिलीच. तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मालक म्हणायचे, "चला, गाडी कायतरी देतीय."

आमच्या धंद्याचे दोन मोठे हंगाम. एक लग्नसराई आणि दुसरा ऊसतोडीचा. टोळ्या कारखान्याकडं निघण्याआधी बायका हात भरून घेतात आणि परत आल्या की पुन्हा, कारण उसात काच टिकत नाही. पहिल्या वर्षी टोळ्या परत आल्या त्या गावानं वेशीवरच अडवल्या. वाटेवर बोराटीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. चौदा दिवस आपापल्या शेतात राहा म्हणाले. त्यांच्यात एक नवी सून होती. आदल्या वर्षीच लग्न होऊन आलेली, एकोणीस-वीसची असेल. ती बांधापर्यंत आली आणि लांबूनच ओरडून म्हणाली, "मावशी, हात मोकळे हायत माझे. सासू वरडती. दोन-दोन तरी भरा की." तिच्या हातात काळा दोरा तेवढा होता. मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ये." आणि पाठ फिरवून घरी आले. ती पुढच्या आठवड्यात आली तेव्हा मी दाराला कडी लावून आत बसले होते. गाव वाईट वागलं असं आता सगळे म्हणतात. गाव म्हणजे कोण, तर मीच की.

दुसऱ्या वर्षी आजार जास्त मोठा होऊन आला. त्याच उन्हाळ्यात गावातल्या मोठ्या घरचं लग्न निघालं. हे घर जमीनजुमल्याचं, गावचं राजकारण त्यांच्याच ओसरीवर चालतं. पंचवीस माणसांत, शेतातल्या आंब्याखाली, सकाळी सातच्या आत उरकायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी दुपारी चुड्याला मला बोलावणं आलं. मालक म्हणाले, "नको जाऊ." पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वर्षभरात चुड्याचं ते पहिलं बोलावणं होतं. आणि त्या घराला नाही म्हणणारं माणूस आमच्या गावात अजून जन्मायचंय.

मी तोंडाला फडकं बांधून गेले. नवरीच्या आईला गाव आक्का म्हणायचं. मला बघून आक्का हसल्या. म्हणाल्या, "तोंड बांधून चुडा भरती व्हय गं? पोरीच्या लग्नाला आलीस का दरोड्याला?" बायका खळखळून हसल्या. मी फडकं खाली ओढलं.

आधी नवरीचा चुडा भरला. मग आक्का पुढं बसल्या. त्यांचा हात मी हातात घेतला आणि मला ते कळलं. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा हात तापला होता. तीस वर्षं हात धरतेय मी, उन्हातून आलेला हात वेगळा आणि ताप असलेला हात वेगळा. मी मान वर केली. आक्कांचे डोळे लाल होते. त्या माझ्याकडंच बघत होत्या. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. त्यांनी माझी बोटं हळूच एकदा दाबली.

हात सोडून उठावं, पळावं, असं वाटलं. समोर नवरी बसलेली, हळदीची पिवळी. कुणीतरी गाणं म्हणत होतं. आणि मी तोंड उघडून म्हणाले, "आक्का, जावई मात्र लाखात एक मिळाला बघा."

हेच बोलले मी. दुसरं काही नाही.

त्यानंतर अकरा बायकांना भरलं. पाणी तेच. साबण तोच. पाणी फेकावं असं दर हाताला वाटत होतं, पण भरल्या चुड्यात कासारीण पाणी का फेकतेय असं कुणी विचारलं तर काय सांगणार होते? सगळ्यात शेवटी आक्कांनी चुलीकडं हाक मारली. ती ऊसतोडीवाल्यांची सून तिथं दोन दिवस भाकरी थापायला आली होती. पीठ लागलेले हात पदराला पुसत आली, पोट पुढं आलेलं. आक्का म्हणाल्या, "हिला भर गं. आठवा लागलाय. हिरवा भर, माझ्याकडनं." पोरगी लाजली. तिच्या हाताला सव्वादोनचं, म्हणजे दोन-चारचं माप बसतं. पण गरोदर बाईला एक माप मोठं भरायचं असतं, पुढं हात जरा सुजतो म्हणून. मी दोन-सहाचा हिरवा चुडा काढला. ढगळ झाला, कोपरापर्यंत खाली-वर होत होता. ती हात हलवून हलवून ऐकत होती. तिचा हात मी त्याच पाण्यात बुडवला होता.

घरी आले आणि पाठ दुखतेय म्हणून पडवीत वेगळी पथारी टाकली. ताट-तांब्या वेगळा केला. म्हातारी सासू आत, तिला साखरेचा आजार. दर जेवणाला आधी हिंगाची डबी उघडून वास घ्यायचा, मग लसूण, मग रॉकेलची बाटली. वास आला की घास घ्यायचा. मालक एकदा म्हणाले, "कुत्र्यावानी काय हुंगत बसतीस?" मी त्यांच्यावर खेकसले. रागावलं की भीती थोडी कमी होते, हा माझा जुना उपाय.

पण स्वतःपेक्षा ती पोरगी डोळ्यांपुढून हलत नव्हती. बाकीच्या बायका धडधाकट होत्या, खात्यापित्या घरच्या. हिच्या पोटात लेकरू, आणि त्या दिवसांत गरोदर बायकांचं काय काय होतंय ते रोज कानावर यायचं. मी तिच्या हातात तो आजार नेऊन घातला असं मला पक्कं वाटत होतं. जाऊन सांगावं, तर आक्कांचं सांगावं लागलं असतं. मोठ्या घराला कळलं असतं. मी गप्प बसले.

चौथ्या दिवशी आक्कांना अंबाजोगाईला नेलं. सातव्या दिवशी सकाळी त्या गेल्याची बातमी आली. मयत गावात आणलं नाही, तिकडंच उरकलं. गावात एक दार उघडं नव्हतं. कुणी मोठ्यानं रडलंही नाही, कारण रडायला गळ्यात गळा घालावा लागतो.

त्या दिवशी मी मालकांना सगळं सांगितलं. ते चपलेचा अंगठा दाबत बसले होते. मग एवढंच म्हणाले, "पाणी तरी बदलायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पोरीच्या शेतावर गेले. डोंगराच्या पायथ्याला त्यांचं खोपट. तिचा नवरा सिरसाळ्याकडं वीटभट्टीवर कामाला गेलेला, घरी ती आणि सासू. सासूनं मला लांबूनच पाहिलं आणि बांधावर येऊन आडवी उभी राहिली.

"कावून आलात?"

"सुनेला बघायला. बरी हाय ना?"

"बरी हाय. काय धाड भरलीय तिला?"

"ताप हाय का?"

ती एकदम खवळली. "तुमाला कुनी धाडलं? दवाखान्याच्या आशाबाईनं का सरपंचानं? लिहून नेता का आमचं? मागल्या साली काट्या टाकल्या, पान्याला सुदिक येऊ दिलं न्हाई. यंदा काय पेटवून देता? ताप न्हाई तिला. नुसतं डोकं दुखतंय."

"कधीपासून?"

"चार दिस झाले. डोळ्याम्होरं काजवे चमकत्यात म्हनती. उनाचं हाय ते."

"दवाखान्यात न्या की."

"न्या म्हनं. तितं गेलेलं कोन माघारी आलंय? आक्का आली का?"

मी परत फिरले असते. खरं सांगते, पाय वळलेसुद्धा होते. तेवढ्यात खोपटातून पोरगी म्हणाली, "मावशी हायत का? या की." आवाज असा जड होता की मी सासूच्या बाजूनं वाट काढून आत शिरले. का शिरले ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ती बाजेवर डोक्याला फडकं आवळून पडली होती. मी खाली बसून तिचा हात हातात घेतला. हात गार होता. ताप नव्हता. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. मी सुटले, आजार तिला लागला नव्हता! मी तिच्या हातावरून हात फिरवला, आणि बांगड्या वाजल्या नाहीत.

बांगड्या हलतच नव्हत्या. आठ दिवसांपूर्वी कोपरापर्यंत पळणारा दोन-सहाचा चुडा मनगटात रुतून बसला होता. दोन बांगड्यांच्या मधून मांस वर आलं होतं. तोंडावरही सूज होती, डोळे बारीक झाले होते. मी बोटानं दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. गरोदरपणी हात सुजतात, पण असे आठ दिवसांत नाही. माझी सासू सांगायची, गरोदर बाईच्या बांगड्या एकाएकी रुतल्या की कासारणीनं आधी गाडी जुंपायला सांगावं, मग दुसरं बोलावं. माझा सुटकेचा आनंद दोन मिनिटंसुद्धा टिकला नाही. आता निराळी भीती, आणि ही खरी होती.

"हिला आत्ता न्यावं लागतंय," मी म्हणाले. "हा तो आजार न्हाई. हा बाळंतपणाचा हाय. बोटं काळी पडायला लागलीत हिची, बघा."

साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. बांगडी अंगठ्यापर्यंतसुद्धा येईना. मग मी बाहेरून एक चपटा दगड आणला, तिचा हात मांडीवर घेतला, पदर मनगटाखाली सारला. आठव्या महिन्यातला हिरवा चुडा कासारीण कधी फोडत नाही. तो फोडायची वेळ बाईवर एकदाच येते, नवरा गेल्यावर. सासूला माझ्या हातातला दगड दिसला आणि ती किंचाळली, "अगं ए, काय करतीस? माझा ल्योक जित्ता हाय! माझा ल्योक जित्ता हाय गं!" तिनं माझे केस धरले. मी दगड मारला. एक वाढली, दुसरी वाढली. एक काच तिच्या मनगटात गेली, रक्त आलं. पोरगी हूं की चूं करत नव्हती. ते गप्प राहणं मला त्या किंचाळण्यापेक्षा जास्त भिववत होतं.

मालकांना फोन केला. कोंबड्या हाकलून ते गाडी घेऊन आले, तोंडाला टॉवेलचे दोन वेढे. आले आणि म्हणाले, "मागं बसवा, माझ्याकडं तोंड करून बोलू नका." भिण्यात आमचं लग्न छान जमलंय. तालुक्याच्या दवाखान्यात आधी नाकातनं तपासणी झाली, ती चांगली निघाली. मग रक्तदाब बघितला तेव्हा तिथली नर्सबाई पळायलाच लागली. सरकारी गाडीतून लगेच अंबाजोगाईला पाठवायचं ठरलं. सोबत एकच बाई चालेल म्हणाले. मी सासूकडं पाहिलं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी न्हाई त्या गाडीत बसनार. त्यात मढी नेत्यात." मग मी बसले. बसले म्हणजे काय, मालकांनी मला मागून ढकललं.

वाटेत तिला झटका आला. दात आवळले, अंग ताठ झालं, डोळे पांढरे. गाडीतला माणूस ओरडत होता, धरा, धरा. मी तिचे दोन्ही मोकळे हात धरले आणि माझ्या तोंडातून आपोआप चुड्याचं बोलणं सुरू झालं. नवरा चांगला हाय तुझा, पोरगं गोरं होईल, सासू तोंडाची कडू पण मनाची बरी. काय काय बडबडले. देवाचं नाव एकदाही आठवलं नाही.

ती वाचली. पोट फाडून लेकरू काढलं, मूठभर, पण रडलं. त्याला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. सासू दुसऱ्या दिवशी एसटी बंद म्हणून दुधाच्या गाडीत बसून आली. आम्ही दोघी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसायचो. रोज समोरून पांढऱ्या पिशव्या जायच्या आणि मी पदरात तोंड घालायची. ती मला भाकरी द्यायची, पण बोलायची नाही.

गावात मात्र बोललं गेलं. मुलगी झाली होती ना. पोटात मुलगाच होता, कासारणीनं हिरवा चुडा फोडला म्हणून मुलगी झाली, असं त्या सासूनं पाणवठ्यावर सांगितलं आणि बायकांनी ते गिळलं. आठव्या महिन्यात पोटातलं असं बदलत असतं तर आमच्या जिल्ह्यात कासारणींना सोन्यानं मढवलं असतं किंवा जाळलं तरी असतं. मी हसले, पण पुढची दोन लग्नं शेजारच्या गावची कासारीण घेऊन गेली. मी न केलेल्या गोष्टीचा बोभाटा झाला होता, आणि जे केलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी ती पोरगी लेकीला खांद्याशी धरून माझ्या दारात आली. लेकीची मान अजून धरत नव्हती नीट. "भरा," म्हणाली आणि हात पुढं केला. मी सव्वादोनच्या काढल्या. मनगटावर काचेचा व्रण होता.

"सासू बोलल की."

"बोलू द्या." मग म्हणाली, "मावशी, त्या दिशी तुमी कावून आलत्या? मला कुनी सांगितलंच न्हाई."

चुड्याला बसून मी आयुष्यात पहिल्यांदा वाईट बोलले. आक्कांचा हात, तेच पाणी, माझं गप्प बसणं, सगळं. तुझ्या मायेनं नाही आले पोरी, माझ्याच भीतीनं आले, असंही सांगितलं. ती लेकीला थोपटत ऐकत होती.

"तवाच बोलला असता तर?"

"लगीन थांबलं असतं. आक्काला चार दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं. वाचल्या असत्या बहुतेक."

"आन् मग तुमी माझ्याकडं आला नसता."

"न्हाई."

ती लेकीकडं बघत राहिली. "म्हंजी आमी दोघी गेलो असतो," असं हळूच म्हणाली. मग दुसरा हात पुढं केला. "कुनाला सांगू नका. मोठं घर हाय ते."

सकाळी त्यांचा ट्रॅक्टर गेला. त्यानंतर आठवड्यानं दिवाळीला आक्कांची लेक पहिल्यांदा माहेरी आली आणि तिनं मला हात भरायला बोलावणं पाठवलं. आईला शेवटच्या बांगड्या तुम्हीच भरल्यात, मलाही तुमच्याच हातून हव्यात, असा निरोप होता. मी पिशवी भरली, चप्पल घातली, आणि दारातून परत फिरले. अंगात ताप आहे म्हणून निरोप धाडला. ताप म्हटलं की त्या दिवसांत कुणी दुसऱ्यांदा बोलवत नसे.